अमरपण आणि सार्वकालिक जीवन

शब्बाथशाळेत किंवा दिवसाच्या शाळेत मुलांना शिकविणाऱ्या आमच्या वाचकांपुढे आज आम्ही एक प्रश्न ठेवीत आहोत. मरण कधीच येऊ नये असे पाणी मिळाले, तर ते प्यावे काय? प्रश्न पोरकट वाटेल. परंतु तो वर्गात विचारला की पोरकट राहत नाही. कारण बहुतेक प्रत्येक वर्गात निदान एक मूल असे असते की ज्याने मरण आपल्या घरात पाहिलेले असते. त्या मुलासमोर आपण काय बोलणार, हा खरा प्रश्न आहे.

याला निमित्त झाली आहे एक बालकादंबरी. 'टक एव्हरलास्टिंग' हे तिचे नाव, आणि लेखिका अमेरिकेच्या नॅटली बॅबिट (१९३२–२०१६). कादंबरी १९७५ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून अमेरिकेतील शाळांत दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या वर्गांत ती वाचली जाते. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांच्या दप्तरातूनही ती घरी येते. तेव्हा तिचे परीक्षण आपल्या दृष्टीने करणे अगत्याचे आहे.

कथा थोडक्यात अशी. विनी फॉस्टर ही दहा वर्षांची मुलगी. तिच्या घराजवळच्या रानात एका झाडाच्या मुळाशी एक झरा आहे. टक नावाचे कुटुंब – बाप अँगस, आई मे आणि दोन मुलगे माइल्स व जेसी – सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी नकळत त्या झऱ्याचे पाणी प्याले, आणि तेव्हापासून त्यांच्यापैकी कोणाचे वय वाढले नाही. गोळी लागली तरी जखम होत नाही, झाडावरून पडले तरी हाड मोडत नाही. माइल्सची बायको मात्र वाढत्या वयाची झाली. नवऱ्याने आपला आत्मा सैतानाला विकला असावा असे वाटून ती दोन्ही मुलांना घेऊन निघून गेली. टक कुटुंब लोकांपासून लपतछपत राहते. पिवळ्या पोशाखातला एक मनुष्य हे गुपित हेरतो आणि ते पाणी पैसेवाल्यांना विकण्याचा बेत करतो. शेवटी जेसी विनीला पाण्याची एक बाटली देऊन सांगतो की, सतरा वर्षांची झालीस म्हणजे पी आणि मला येऊन मिळ. विनी ते पाणी पीत नाही. एका बेडकाला कुत्र्यापासून भय राहू नये म्हणून त्याच्या अंगावर ओतून टाकते. पुढे कित्येक वर्षांनी, १९५० साली, टक पतिपत्नी त्या गावी येतात तेव्हा त्यांना तिची कबर आढळते. तिच्यावर जन्माचे साल १८७०, मृत्यूचे १९४८. आणि ती पत्नी होती, आई होती, एवढेच लिहिलेले.

कादंबरी उपदेश करीत नाही, हा तिचा मोठा गुण. अँगस टक विनीला होडीत बसवून तळ्यात नेतो आणि वाहते पाणी दाखवून समजावितो की, जग चाकासारखे फिरत असते आणि आम्ही त्या चाकावरून खाली पडलो आहो. जगतो आहो, पण वाढत नाही. रस्त्याकडेच्या दगडांसारखे नुसते आहो.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. मराठी आईबाप मुलाच्या नावामागे 'चि.' लिहितात, लग्नपत्रिकेतही ते अक्षर असतेच. चिरंजीव हो, हा आपला साधा आशीर्वाद. आणि ज्या सात चिरंजीवांची नावे आपल्या शेजारच्या घरी दिवाळीच्या अभ्यंगस्नानापूर्वी तेलाचे ठिपके ठेवताना घेतली जातात, त्यांतले पहिले नाव अश्वत्थाम्याचे. तोच शब्द, पण त्याच्या बाबतीत तो शाप आहे. निजलेल्या मुलांना त्याने मारले, गर्भातल्या बाळावर अस्त्र सोडले, म्हणून कपाळीची जखम घेऊन, तिच्यासाठी तेल मागत त्याने फिरत राहावे. नर्मदेच्या परिक्रमेला जाणारे लोक तो त्या खोऱ्यात भेटतो असे सांगतात. नर्मदेकाठच्या लोकांना आजवर कोणीही 'अश्वत्थाम्यासारखे जगू दे' असे मागणे मागावेसे वाटलेले नाही. न मरणे म्हणजेच जीवन नव्हे, हे त्यांना पुस्तकावाचून कळलेले आहे.

पवित्र शास्त्रही येथे स्पष्ट आहे. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात पाप घडल्यावर देव जीवनवृक्षाची वाट राखून ठेवतो. पुष्कळांना ही केवळ शिक्षा वाटते. आम्हांला तीत दयाही दिसते. हेवा, भीती आणि अपराध घेऊन माणसाने अनंतकाळ जगावे, हे देवाने होऊ दिले नाही.

नर्मदेच्या याच खोऱ्यात, धार जिल्ह्यात, बाग हे गाव आहे. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने होती आणि बाग शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होते. त्यामुळे माळव्यातल्या मराठी घरांना ही नावे ओळखीची आहेत. अँगस टकने दगडांचे जे उदाहरण दिले, ते डोळ्यांनी पाहावयाचे तर या भागासारखी जागा नाही. बाग आणि कुक्षी यांच्या परिसरातील गावांत शास्त्रज्ञांना डायनोसोर प्राण्यांची ९२ घरटी आणि २५६ अंडी दगड झालेल्या स्थितीत सापडली. हे संशोधन २०२३ साली प्रसिद्ध झाले. ती साडेसहा कोटी वर्षांहून जुनी आहेत. पाडल्या गावचे शेतकरी असले गोल दगड काकड भैरव म्हणून पूजीत आले होते. शेताची आणि गुराढोरांची राखण व्हावी ही त्यांची भावना, आणि तिची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. आम्हांला सुचतो तो विचार निराळा आहे. ज्या अंड्यातून पिल्लू बाहेर पडले, त्याचे कवच फुटून गेले. ते पिल्लू वाढले, त्याने पुढे पिढी वाढविली आणि ते मेले. जे अंडे उबलेच नाही, ते अखंड गोल राहून कोट्यवधी वर्षे टिकले. टिकणे आणि जगणे यांतला भेद मुलाला समजावयाचा असेल, तर याहून सोपा धडा आम्हांला ठाऊक नाही. टक कुटुंब म्हणजे असे न फुटलेले अंडे होय.

येथवर आम्ही लेखिकेशी सहमत आहो. पुढे मात्र आमची वाट थोडी वेगळी होते. कादंबरीत ते पाणी एका धडधाकट मुलीपुढे ठेवलेले आहे. तिच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेले नाही. वर्गात शिक्षकाने 'तुम्ही ते पाणी प्याल काय?' असे विचारून हात वर करावयास सांगितले, तर एखादे मूल म्हणेल, 'मी पिणार नाही, पण आईला पाजीन.' याला उत्तर काय? मरण हे सृष्टीच्या चाकाचा भाग आहे, असे त्याला सांगावे काय? हे सांगणे खोटे नाही. पण ज्याची आई आजारी आहे त्याला चाकाचे काय? त्याला एकच आई आहे, आणि तिच्या जागी दुसरे काही येणार नाही. मरण चांगले असते म्हणून तू रडू नकोस, असे जर त्या मुलाने आपल्या शिकवणीतून उचलले, तर आपण त्याला धीर दिला नाही, त्याचे तोंड बंद केले.

बागच्या लेण्यांत याविषयी एक मूक साक्ष आहे. दीड हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेल्या या लेण्यांपैकी चौथ्या लेण्याच्या, म्हणजे रंगमहालाच्या, ओसरीवर एक चित्र होते. एक स्त्री हाताने तोंड झाकून शोक करीत आहे आणि दुसरी तिच्याजवळ बसून तिचे सांत्वन करीत आहे. मऊ खडकातून पाणी झिरपून ही चित्रे नष्ट होत चालली, म्हणून ग्वाल्हेर संस्थानच्या पुराणवस्तु खात्याचे मो. ब. गर्दे यांच्या काळात, १९२१ च्या सुमारास, नंदलाल बोस, असितकुमार हालदार वगैरे चित्रकारांकडून त्यांच्या नकला करवून घेण्यात आल्या. सर्व काही अनित्य आहे असे शिकविणाऱ्या भिक्षूंच्या भिंतीवरही रडणाऱ्या बाईला जागा होती, आणि तिच्याजवळ बसणारीलाही होती. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आपण तर ख्रिस्ताचे लोक. लाजराच्या कबरेजवळ प्रभूने काय केले? आपण त्याला उठविणार हे ठाऊक असूनही तो आधी रडला. मरण ही बरी वस्तू आहे असे त्याने मरियेला आणि मार्थेला सांगितले नाही. पौलाने तर मरणाला शत्रू म्हटले आहे, शेवटी नाहीसा व्हावयाचा शत्रू. तेव्हा 'आईला पाजीन' म्हणणारे मूल लोभी नाही, अडाणीही नाही. त्याच्या प्रीतीने शत्रूला ओळखले आहे एवढेच.

दुसरीही एक सावधगिरी हवी. 'मरण कोणाला चुकले आहे?' हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त आहे. ते तत्त्वज्ञान म्हणून बोलले जाते आणि पुष्कळदा आळस झाकण्यास उपयोगी पडते. तान्ह्या मुलाचा ताप अंगावर काढला जातो, बाळंतिणीला दवाखान्यात नेण्यास उशीर होतो, आणि मग देवाची इच्छा म्हणून मोकळे होता येते. बागच्या दुसऱ्या लेण्यात महाराज सुबंधूचा एक ताम्रपट सापडला. भिक्षूंचे अन्नवस्त्र, औषधपाणी आणि विहाराच्या मोडतोडीची दुरुस्ती यांसाठी त्याने दिलेले ते दान आहे. सर्व नाशवंत आहे, पण म्हणून आजाऱ्याची हयगय करावी असे त्या भिक्षूंनाही वाटले नाही. आपल्या मंडळ्यांच्या इतिहासात १८९५ च्या सुमारास कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. मार्गारेट ओहारा धारला आल्या आणि त्यांनी तेथे स्त्रियांसाठी वैद्यकीय काम उभारले. स्वर्गाची आशा त्यांना इतरांपेक्षा कमी नव्हती. तरी एकेका रोग्यासाठी त्या मरणाशी झगडल्या. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या देशात माणसाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते ७० च्या आसपास आहे. ही वाढ झऱ्याच्या पाण्याने झालेली नाही. ती लशी, स्वच्छ पाणी, दाई-परिचारिका आणि पोटभर अन्न यांनी झाली आहे. अमर होऊ नये हे खरे, पण कोणाचे मूल पाचव्या वर्षी मरू नये, हेही तितकेच खरे. अमरपणाचा मोह पोट भरलेल्यांना होतो. बागच्या आसपासच्या भिल्ल-भिलाला वस्तीतील आईला आपले मूल म्हातारे झालेले हवे असते.

म्हणूनच पिवळ्या पोशाखातला मनुष्य आम्हांला कथेतील सर्वांत खरा वाटतो. आयुष्य लांबविण्याचे संशोधन आज अमेरिकेत मोठ्या भांडवलावर चालले आहे. गूगल कंपनीने २०१३ साली 'कॅलिको' नावाची संस्था याच विषयासाठी काढली. संशोधनात पाप नाही. पण झऱ्याशी पहारा कोण करणार आणि पाण्याचा भाव कोण ठरविणार, हा प्रश्न मुलांनी आजच विचारावयास शिकले पाहिजे.

तर मग सार्वकालिक जीवन म्हणजे काय? ते टक कुटुंबाच्या पाण्याचे दुसरे नाव नव्हे. योहानकृत शुभवर्तमानात शोमरोनी स्त्री प्रभूजवळ अगदी असेच पाणी मागते, की जेणेकरून पुन्हा विहिरीवर येण्याचा त्रास वाचावा. प्रभू तिला जे देऊ करतो ते निराळे आहे. त्याने तिच्या दिवसांची संख्या वाढत नाही; देवाशी आणि शेजाऱ्यांशी तिचे नाते बदलते. ती घागर टाकून, ज्या गावकऱ्यांपासून तोंड लपवीत होती त्यांच्याकडेच धावत जाते. टक कुटुंब पाणी पिऊन लोकांपासून लपले, ही पाणी न भरताच लोकांत आली. लाजरही उठला, पण पुढे कधीतरी तोही मेलाच असेल. आपली आशा मरणाला वगळून जाण्याची नाही. ख्रिस्त स्वतः कबरेत गेला आणि तिच्यातून पलीकडे निघाला, त्या वाटेची ती आशा आहे. पलीकडचे सगळे आम्हांला समजले आहे असा आव आम्ही आणीत नाही. पण तेथे आपण दगडासारखे टिकून राहणार नाही, तर जिवंत असू, एवढे आम्ही विश्वासाने म्हणतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे पुस्तक मुलांना अवश्य वाचून दाखवा अथवा गोष्ट म्हणून सांगा. मात्र हात वर करावयास लावू नका. या प्रश्नाला मते मोजून उत्तर मिळत नाही. 'पिईन' म्हणणाऱ्या मुलाला चूक म्हणू नका, कोणासाठी पिशील ते विचारा आणि मग ऐका. विनीने पाणी का ओतले, हे मुलांनाच शोधू द्या. आणि वर्गात एखादे मूल गप्प बसलेले दिसले, तर धडा तसाच अर्धा राहू द्या. तास संपल्यावर थोडा वेळ त्याच्याजवळ बसा. पुनरुत्थानाची गोष्ट त्याला सांगावयाची आहेच. ती त्याने विचारली म्हणजे सांगा.