विकायचे आणि राखायचे

घराची किंमत आणि घराचे मोल हे दोन शब्द आपण सहसा एकाच अर्थाने वापरतो, आणि पुष्कळदा त्यामुळे काही बिघडतही नाही. परंतु या दोहोंमध्ये एक बारीक रेघ आहे, आणि ती घराच्या पुढच्या दारापेक्षा मागच्या परसात अधिक स्पष्ट दिसते. किंमत परका माणूस ठरवतो; मोल राहणारा जाणतो. किंमत कळायची तर घर विकायला काढावे लागते. मोल कळायचे तर त्यात चार पावसाळे काढावे लागतात.

आमच्या आर्णीसारख्या अरुणावतीकाठच्या गावात हा भेद अलीकडे फार जाणवू लागला आहे. नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा रस्ता रुंद झाला आणि त्याच्या दोन्ही अंगांच्या वावरांत लेआउट पडू लागले. जिथे कपाशी आणि तुरीची तासे होती तिथे चुन्याच्या रेघा आल्या. एकराचे चाळीस गुंठे आणि गुंठ्याचे 1,089 चौरस फूट, हे कोष्टक वर्गात शिकवताना पूर्वी मुले जांभया देत. आता ते त्यांना घरूनच पाठ होऊन येते. जमिनीचे माप बदलले की जमिनीकडे पाहण्याची दृष्टीही बदलते. एकरात मोजली जाणारी जमीन काय पिकवील, हा प्रश्न मनात येतो. चौरस फुटांत मोजली जाणारी जमीन काय भावाने जाईल, एवढाच प्रश्न उरतो.

अशा प्लॉटवर घर उभे राहिले की शिल्लक मोकळ्या जागेवर गट्टू बसवण्याची घाई होते. चिखल नको, पालापाचोळा नको, साप-विंचवाची भीती नको, असे त्याचे समर्थन असते, आणि ते अगदीच पोकळ आहे असे नाही. उलट, ज्यांना घर पुढेमागे विकायचे असते, त्यांतले काही धोरणी लोक बाग करतात. घेणाऱ्याला हिरवे बरे वाटते, त्यामुळे चार पैसे अधिक मिळतात, हा त्यांचा हिशोबही खरा आहे. मात्र विकण्यासाठी केलेली बाग ओळखू येते. तीत लवकर वाढणारी शोभेची झाडे असतात. बी पासून लावलेले कागदी लिंबू फळावर यायला चार-पाच वर्षे लागतात. पुढल्या वर्षी जाणाऱ्या माणसाने ते कोणासाठी लावावे? जिथे लिंबू आहे, गोडनिंब आहे, कुंपणावर पोपटीच्या शेंगांचा वेल चढला आहे आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर धोप्याची पाने डोलत आहेत, तिथे राहणारा माणूस राहायलाच आलेला आहे असे खुशाल समजावे.

या परसबागेत आपोआप एक शहाणपण येते. तिला कोणी युरियाची गोणी आणून टाकत नाही. चुलीची राख, भाजीची देठे, शेण आणि पाला यांवर ती पोसली जाते. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने 1924 ते 1931 या काळात इंदूरच्या संस्थेत काम करताना कंपोस्टाची जी पद्धत बसवली, तिला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून मान्यता मिळाली. इथला शेतकरी आणि पिकावरची कीड हेच आपले खरे प्राध्यापक, असे तो मानी. घरची बाई उकिरडा राखत होती, तेव्हा तीही त्याच विद्यापीठात शिकत होती म्हणायचे. वालावर मावा पडला तर ती राख मारते, फार झाले तर निंबोळ्या कुटून त्यांचा अर्क शिंपडते. औषधाचा पंप तिथे येत नाही, कारण त्या शेंगा संध्याकाळी आपल्याच घरच्या पोरांच्या ताटात पडायच्या असतात.

आणि नेमका इथेच मला अस्वस्थ करणारा प्रश्न उभा राहतो. ज्या घरामागे ही निर्मळ बाग असते, त्याच घरचे वावर दोन मैलांवर असते, आणि तिथे हंगामात पुन्हा पुन्हा फवारणी चाललेली असते. माणूस तोच, माती तीच, हातही तेच. घरच्यासाठी एक माप आणि बाजारासाठी दुसरे. याला दांभिकपणा म्हणावे काय?

एवढा कठोर शब्द मी वापरणार नाही. वावराच्या मागे कर्ज आहे, बोंडअळी आहे, कापसाचा भाव त्याच्या हाती नाही. शिवाय कापूस काही कोणी खात नाही, असेही तो म्हणतो. कायद्यानेही जवळपास हाच न्याय मानला होता. मोनोक्रोटोफॉस या जहाल औषधाचा भाजीपाल्यावर वापर करण्यास आपल्या देशात 2005 सालापासून बंदी आली. कपाशीवर मात्र ते पुढे कित्येक वर्षे बिनदिक्कत फवारले गेले. भाजी पोटात जाते, कपाशी जात नाही, असा त्यामागचा तर्क. पण कापसातून निघालेल्या सरकीचे तेल आपण खातो, आणि तिची ढेप गाई-म्हशींना घालून त्यांचे दूध लेकरांना पाजतो. वावर आणि ताट यांच्यामध्ये आपण जी भिंत समजतो ती कागदावरच असते.

ती किती पातळ आहे हे 2013 च्या जुलैमध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका शाळेत दिसून आले. मधल्या सुट्टीच्या जेवणात हेच मोनोक्रोटोफॉस मिसळले गेले आणि 23 मुले मरण पावली. वावरासाठी आणलेले विष स्वयंपाकघरात शिरायला केवढेसे दार लागते! आज शाळाशाळांतून पोषण आहारासाठी परसबागा लावून घेतल्या जातात, आणि मुले मोठ्या हौसेने पालक-मेथीचे वाफे करतात. त्या वाफ्यांशी उभा असताना ती तेवीस मुले मला आठवल्यावाचून राहत नाहीत.

आणि भाजीचे सोडा, फवारणाऱ्याचे काय? 2017 चा पावसाळा सरत असताना आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात पडले. त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती. डोक्याच्या उंचीवर नळी धरून, अंगावर साधा सदरा असताना, उन्हात माणसे फवारत होती, आणि तुषार त्यांच्याच नाकातोंडात जात होता. त्यांतले किती तरी जण रोजंदारीने दुसऱ्याच्या वावरात गेलेले होते. परसातल्या वेलावर जे मारायला आपण धजत नाही, ते मारण्यासाठी आपण दुसऱ्याच्या पोराला मजुरी देऊन पाठवतो. 'कापूस कोणी खात नाही' या युक्तिवादाला याहून भयंकर उत्तर कोणते असेल?

मला वाटते, घराची किंमत आणि वावराचे विष हे दोन प्रश्न दिसायला वेगळे असले तरी त्यांच्या मुळाशी एकच सवय आहे. जे विकायचे आहे त्याची काळजी आपण विक्रीच्या क्षणापुरती करतो. जे राखायचे आहे त्याची काळजी त्याच्या आयुष्यभर करतो. विकायच्या घराला आपण रंग देतो, राहायच्या घराचा पाया पाहतो. विकायच्या भाजीची तकाकी पाहतो, खायच्या भाजीची चव. या सवयीला केवळ लोभ म्हणून भागणार नाही. ज्याच्याशी आपला संबंध उद्या तुटणार आहे, त्याच्याविषयी मन आजच कोरडे होऊ लागते. मनुष्यस्वभाव आहे तो.

मग यावर उपाय काय? विकूच नये असे म्हणणे वेडेपणाचे आहे. शेतकरी विकणार नाही तर गाव खाईल काय आणि त्याची मुले शिकतील कशी? विकणे हे पाप नव्हे. प्रश्न एवढाच आहे, की विकायची वस्तूही राखायच्या वस्तूसारखी पिकवता येते का. हे नुसते स्वप्न असते तर मी हा लेख लिहिला नसता. आमच्याच जिल्ह्यात, यवतमाळजवळच्या छोटी गुजरी येथे, सुभाष शर्मा यांनी आरंभी रासायनिक शेती करून पाहिली, तीत भागेना म्हणून सोडली, आणि झाडे, गायी, पक्षी व जमिनीत मुरवलेले पाणी यांच्या आधाराने बाजारासाठीच भाजी आणि धान्य पिकवले. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पदवीचे कौतुक मला तेवढे नाही. परसातला न्याय वावराला लावता येतो आणि तरी घर चालते, हे त्यांनी दाखवले, याचे आहे.

दुसरे नाव श्री. अ. दाभोळकरांचे. गणिताचा हा शिक्षक. पण त्याने 'प्रयोग परिवार' उभा करून द्राक्षबागेपासून शहरातल्या गच्चीपर्यंत लोकांना पालापाचोळ्याची माती करायला लावली. त्यांच्या कामात मला सर्वांत मोठी वाटते ती गोष्ट अशी, की ज्याला जे साधले ते त्याने इतरांना सांगायचे, हा त्या परिवाराचा रिवाज होता. नगर जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनीही गावरान वाणांचे बी जमवले ते एकट्याच्या परसासाठी नव्हे. बी वाटून दिले तरच ते टिकते, हे त्या अक्षरओळख नसताना जाणत होत्या.

म्हणजे परसबागेचा खरा उपयोग आपले ताट निर्मळ राखणे एवढाच नव्हे. तेवढ्यासाठीच ती असेल तर ती एक सोवळ्याची जागा होईल, आणि सोवळ्याने शेजाऱ्याचे कधी भले केले नाही. परसबाग हे एक माप आहे. वर्षानुवर्षे ज्या हाताने घरच्या वेलाला जपले, त्याच हाताने बाजारची पाटी भरताना थोडे थांबावे आणि स्वतःला विचारावे, हे मी माझ्या नातवाला देईन काय? उत्तर नाही असे आले तर लगेच सारे बदलता येणार नाही हे मी जाणतो. कर्ज प्रश्नांनी फिटत नाही. पण निदान फवारणाऱ्या मजुराच्या तोंडाला फडके आणि हातांना मोजे आजच देता येतात, वारा विरुद्ध असेल तर काम थांबवता येते, आणि पुढल्या वर्षी बांधालगतची चार तासे बिनविषाची करून पाहता येतात. न्याय असाच तासातासाने वाढतो.

राहता राहिली घराची किंमत. खरेदीखत ज्याने वाचले आहे त्याला माहीत असते, की त्यात घराचे वर्णन चतुःसीमा देऊन केलेले असते. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस तमक्याचे वावर, दक्षिणेस नाला. मोठी गंमत वाटते मला या रीतीची. आपले घर कोणते, हे सांगण्यासाठी कायद्यालाही आपल्या कुंपणाबाहेर काय आहे ते सांगावे लागते. उत्तरेच्या वावरातला वारा विषारी असेल आणि दक्षिणेच्या नाल्याचे पाणी नासलेले असेल, तर मधल्या त्या गुंठाभर हिरवळीचे मोल ते काय? आणि उलट, चारही सीमा नांदत्या असतील, तर साध्या मातीच्या घरालाही किंमत विचारण्याची गरज पडत नाही. तिथे राहावेसे वाटते, एवढे पुरे.