पाटणचा डोंगर आणि अच्युत (गीता ८.१७ ते ८.२०)



आज आठव्या अध्यायातले चार श्लोक एकत्र घेतोय, कारण ते तोडले तर अर्थ निसटतो. भगवंत सांगतात की ब्रह्मदेवाचा एक दिवस हजार युगांचा, रात्रही तेवढीच. दिवस उगवला की अव्यक्तातून सगळं व्यक्त होतं, रात्र झाली की त्याच अव्यक्तात विरून जातं. तोच भूतांचा समुदाय पुन्हा पुन्हा येतो आणि पुन्हा पुन्हा जातो, तोही ‘अवश’ होऊन, म्हणजे स्वतःच्या मर्जीने नव्हे. आणि विसाव्या श्लोकात, या अव्यक्ताच्याही पलीकडे एक दुसरं सनातन अव्यक्त आहे, सगळं नष्ट झालं तरी ते नष्ट होत नाही.

हजार युगं आपल्या डोक्यात मावत नाहीत. आपल्याला स्प्रिंट कळतो, क्वार्टर कळतो, फार तर होम लोनची वीस वर्षं. म्हणून मी तुम्हाला आठशे वर्षांच्या मापाने एक गाव दाखवतो. आपल्या खान्देशातलंच आहे.

चाळीसगावहून नैर्ऋत्येला साधारण १८ किलोमीटरवर सह्याद्रीच्या डोंगररांगेच्या कुशीत पाटण आहे. आपण सगळे ‘पाटणादेवी’ म्हणतो. नवरात्रात आणि चैत्रात यात्रा भरते, खान्देशातल्या कितीतरी घरांची ही कुलदेवी. तीन बाजूंनी डोंगर, डोंगरी नदी, पावसाळ्यात धवलतीर्थाचा धबधबा, सगळं गौताळा अभयारण्याच्या जंगलात. वाटेवर काळ्या दगडाचं यादवकालीन महादेवाचं देऊळ लागतं. बाजूच्या कन्हेरगडाच्या अंगात नागार्जुन कोठडी, सीतेची न्हाणी, शृंगारचावडी अशी लेणी आहेत. आणि वर चढून गेलं की पितळखोऱ्याची बौद्ध लेणी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची.

पितळखोऱ्याला एक यक्षमूर्ती सापडली, ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या तळहातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलंय: कान्हदास, धंद्याने सोनार. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस, आणि नाव आपल्या शेजारच्या आळीतलं वाटावं असं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आज पाटणला गेलात तर देवीचं मोठं देऊळ दिसेल, झाडी दिसेल, माकडं नक्की दिसतील. गाव मात्र शोधावं लागतं. यादवांच्या काळात हे भरलेलं बाजारगाव होतं. डोंगरापलीकडे देवगिरीला राजधानी, खाली तापी-गिरणेचा सपाट मुलूख, आणि मधल्या वाटेवर पाटण. इथे निकुंभ घराण्याचे सामंत राज्य करायचे. त्यांचं इथलं वैभव आज काही दगड आणि एक शिलालेख एवढ्यावर आलंय.

तो शिलालेख मात्र वाचण्यासारखा आहे. देवीच्या देवळातला हा लेख १९व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्यात एका घराण्याची वंशावळ आहे: त्रिविक्रम, मग भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, आणि महेश्वराचा मुलगा भास्कर. हो, तेच. ‘लीलावती’ लिहिणारे भास्कराचार्य, जन्म १११४. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर, याला यादव राजा जैत्रपालाने पाटणहून आपल्याकडे बोलावून नेलं. आणि लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव, हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. (योगी चांगदेव वेगळे. आणि पाण्याच्या घटिकापात्रात मोती पडून लीलावतीचं लग्न राहिलं ही गोष्ट भास्कराचार्यांच्या ग्रंथात कुठेही नाही; ती १५८७ च्या फैजीच्या फारसी भाषांतरातून आली. फॉरवर्ड करण्याआधी एवढं बघत जा.)

या चांगदेवाने आजोबांचा पुतळा उभारला नाही. त्याने मठ काढला. कशासाठी, तर आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. शके ११२८ संपल्यावरच्या श्रावण पौर्णिमेला, म्हणजे ९ ऑगस्ट १२०७ ला, निकुंभ राजा सोइदेवाने या मठाला दान दिलं, आणि मुहूर्त होता चंद्रग्रहणाचा. ग्रहणाचं गणित मांडणाऱ्यांच्या घराला ग्रहणाच्या वेळी दान! मला हे वाचून फार आनंद होतो, का ते नीट सांगता येत नाही. साधारण त्याच सुमाराला, १२०२ मध्ये, इटलीत पिसाचा फिबोनाची आपल्याकडून अरबांमार्फत गेलेले अंक युरोपला पुस्तक लिहून समजावत होता.

लेखाचा राजस्तुतीचा आणि वंशावळीचा भाग संस्कृतात आहे. पण शेवटी मठाला कुठून काय मिळायचं याचा तपशील येतो आणि भाषा बदलते, ती होते मराठी. बाजारातल्या विक्रीवरचा वाटा, तेलाच्या घाण्यामागे ठरलेलं तेल. मला वाटतं कारण साधं असावं: ज्याला तेल द्यायचंय त्याला कळायला हवं ना! हीच मराठी पुढे ८३ वर्षांनी, यादवांच्याच राज्यात, नेवाशाला गीतेचा अर्थ सांगायला उभी राहिली. पाटणला ती अजून तेलाचा हिशेब लिहीत होती.

आता श्लोकाकडे येऊ.

असं काही वाचलं की आपण लगेच म्हणतो, बघा, राज्यं गेली पण ज्ञान अमर राहिलं. ऐकायला छान आहे, पण गीता तसं म्हणत नाही. अठराव्या श्लोकात ‘सर्व’ व्यक्त म्हटलंय. त्यात निकुंभांचा वाडा येतो तसा मठही येतो, आणि पोथीसुद्धा. चांगदेवाचा मठ आज नाही. कान्हदासाचं नाव टिकलं ते दगडाच्या कृपेने, दोन-चार हजार वर्षं. ब्रह्मदेवाच्या दिवसात ती पापणीही नव्हे. ‘माझं काम मागे उरेल’ हा दिलासा भगवंत इथे देतच नाहीत.

हे मला हल्लीच नीट टोचलं. आमच्या टीमने चार वर्षं बांधलेलं प्रॉडक्ट गेल्या महिन्यात बंद झालं. एका मेलवर. सर्व्हर उतरवले, रिपॉझिटरी अर्काइव्ह केली. टीममधला सर्वात लहान पोरगा, पहिलीच नोकरी, कँटीनमध्ये म्हणाला, “दादा, मग चार वर्षं आपण केलं काय?” त्याला ‘अनुभव मिळाला’ वगैरे म्हणणं सोपं होतं. एचआरने ते आधीच म्हटलेलं. तो विचारत होता ते वेगळं होतं: जे पुसलं गेलं, ते झालं होतं का?

याचं उत्तर मला भास्कराचार्यांकडेच सापडलं. ‘बीजगणित’ ग्रंथात ते एखाद्या राशीला शून्याने भागलं तर काय, हे बघतात. अशा राशीला ते ‘खहर’ म्हणतात, ख म्हणजे शून्य. आणि सांगतात की या राशीत कितीही मिळवा, कितीही काढा, ती बदलत नाही. आजचं गणित शून्याने भागूच देत नाही हे खरं. पूर्णांकाला भागून बघा, प्रोग्राम तिथेच कोसळेल. पण आपल्या फ्लोटिंग पॉइंटमध्ये अनंताला पाच मिळवले तरी उत्तर अनंतच येतं, हे तुमच्यातल्या निम्म्या जणांनी डीबगिंग करताना पाहिलं असेल. भास्कराचार्य इथे उपमा देतात ती थेट आपल्या आजच्या श्लोकांशी जुळणारी आहे: प्रलयकाळी भूतांचे समुदाय अनंत अच्युतात शिरतात, सृष्टीच्या वेळी बाहेर येतात, आणि अच्युतात काही फरक पडत नाही. भर गणिताच्या पुस्तकात ही ओळ येते!

म्हणजे विसाव्या श्लोकातलं ते ‘दुसरं अव्यक्त’ आपल्या कामाचं गोदाम नव्हे, की जिथे कान्हदासाचा यक्ष जपून ठेवलाय आणि आमचं प्रॉडक्ट फेकून दिलंय. त्यात भर पडत नाही, घट होत नाही. तिथे कान्हदास, ज्याचं नाव राहिलं, आणि पाटणचा तो तेली, ज्याने घाण्यामागे तेल घातलं आणि ज्याचं नाव कुणी लिहिलं नाही, यांच्यात फरक काय? काहीच नाही. तेलीदादाचं तेल त्या रात्री कुणाच्या तरी पोथीसमोर जळलं असेल. जळून गेलं. त्यासाठीच तर दिलं होतं.

“मग करायचं कशाला?” हा पुढचा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर याच अध्यायात मागे, सातव्या श्लोकात येऊन गेलंय: सर्व काळी माझं स्मरण ठेव आणि लढ. दोन्ही एका दमात सांगितलंय. अर्जुनाला सगळं विरणार म्हणून घरी पाठवलेलं नाही. चांगदेवाला ग्रहण सुटायची घटका गणिताने माहीत होती, तरी त्याने दान त्याच वेळेला घेतलं आणि वर्ग चालू केले.

आठव्या अध्यायाचं आपल्या मातीशी आणखी एक नातं आहे. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी गीतेचा एक अध्याय, असं १९ जूनपर्यंत ते बोलले आणि अमळनेरला शिक्षक राहिलेले साने गुरुजी तिथेच बसून लिहून घेत होते. आठव्याची पाळी आली १० एप्रिलला. ऐकणारे सगळे कैदी. कुणाच्या शेतीची वाट लागलेली, कुणाची शाळा सुटलेली, आणि बाहेर आंदोलन टिकेल की विझेल हे कुणालाच ठाऊक नाही. अशा माणसांसमोर विनोबा मरणाच्या क्षणाचा अध्याय घेऊन बसले, आणि त्यांचा भर शेवटच्या क्षणावर नव्हता, रोजच्या क्षणावर होता. शेवटी जे वर येतं ते रोजचं साचलेलं असतं, हे त्यांचं म्हणणं. ‘गीता प्रवचने’ घरात असेल तर आज आठवं काढून वाचाच.

त्या पोराला मी कँटीनमध्ये यातलं फार काही बोललो नाही. पाटणच्या तेल्याची गोष्ट तेवढी सांगितली. तो गणितातला असल्यामुळे खहरावर जास्त अडकला, म्हणाला संध्याकाळी करून बघतो.

पावसाळ्यात जाणार असाल तर चाळीसगावहून सकाळी लवकर निघा, नदीला पाणी असलं तर पलीकडे जायची घाई करू नका, आणि देवळात शिलालेखाबद्दल विचारा.

उद्या ८.२१.

राम कृष्ण हरी.