गिलगालचे धोंडे
(यहोशवा, अध्याय ४)



गेल्या महिन्यांत एका वस्तीवर आमचें जाणें झालें. तेथें तरुण मुलगा गमावलेली एक वृद्ध बाई आम्हांस म्हणाली, "साहेब, पोराची शेवटली घटका डोळ्यांपुढून हालत नाहीं, पण त्याआधींचें सबंध वर्ष आठवतच नाहीं. मी कसली आई?" आम्ही प्रार्थना केली व घाईनें निघालों. तिच्या प्रश्नास उत्तर दिलें नाहीं, ही आमची चूक.

१९७३ सालीं न्यूटसन नांवाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें लोकांस चलच्चित्र दाखविलें व एक कृत्य संपून दुसरें लागलें असें वाटतांच कळ दाबावयास सांगितलें. निरनिराळ्या लोकांनीं बहुधा त्याच त्याच ठिकाणीं कळ दाबली. दिवस पाटाच्या पाण्यासारखा अखंड वाहतो खरा, पण मन त्याला बांध घालून वाफे पाडीत असतें. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शोधांत, फेफऱ्याच्या उपचारासाठीं ज्यांच्या मेंदूंत बारीक तारा बसविल्या होत्या अशा रोग्यांस चित्रपटांचे तुकडे दाखविले. दृश्य पालटतांच मेंदूंतील कांहीं पेशी विशेष जागृत झाल्या. त्या बांधालगतचीं चित्रें रोग्यांनीं पुढें बरोबर ओळखिलीं. मात्र दृश्य अगदींच पालटलें असतां त्याच्या अलीकडलें आधीं कीं पलीकडलें, हें सांगतांना ते चुकले.

पेरणी, खुरपणी, भाकरी, नीज! अशा एकसारख्या दिवसांस बांध कोठला? ते एकमेकांत मिसळून जातात. त्या माउलीची माया उणी नव्हती.

यार्देन ओलांडतांना परमेश्वरानें लोकांस नुसतें "आठवण ठेवा" असें सांगून सोडलें नाहीं. खांद्यावर ओझें दिलें. बारा वंशांचे बारा पुरुष, प्रत्येकाचा एक धोंडा, आणि तोही याजकांचे पाय जेथें टेकले होते त्या नदीच्या मध्यांतून उचललेला. मुलें पुढें विचारतील, हें त्याला ठाऊक होतें.

आम्ही पुन्हा त्या वस्तीवर गेलों. ह्या वेळीं वर्षाविषयीं विचारिलें नाहीं. "मावशी, तो पहिल्यानें शाळेंत गेला तो दिवस सांगा," एवढेंच म्हटलें. ती प्रथम रडली. मग फुटकी पाटी निघाली, त्यावरून पहिली बैलजोडी, त्याच्या लग्नाचा मांडव. कोणतें आधीं, कोणतें नंतर, ह्याचा मेळ तिला लागेना. आम्हींही तो मागितला नाहीं. दिवेलागण झाली तरी तिचें बोलणें संपलें नव्हतें.