झिजेचा हिशेब

आमचा मेव्हणा जवाहरनगरला छोटी बांधकामाची कंत्राटं घेतो. आयुधनिर्माणीची वसाहत असलेल्या ह्या गावी चार दिवस विश्रांतीला म्हणून गेलो, तर माझं अक्षर चांगलं आहे ह्या एकाच गुन्ह्याखातर त्यानं मला टेंडरच्या हिशेबाला जुंपलं. टेंडर हल्ली संगणकावर भरतात. कच्चा हिशेब मात्र अजून वहीतच असतो.

सिमेंट, सळई, मजुरी लिहून झाली. नफा आणि वरखर्चाचे रिवाजाप्रमाणे १५ टक्केही धरले.

"आणि सळई कापायच्या चकत्या?"

"किरकोळमध्ये टाका, भाऊजी."

आयुष्यभर कचेरीत काढलेल्या माणसाला 'किरकोळ' ह्या शब्दाचा फार संशय. मी मिस्त्रीला गाठलं. एका चकतीत किती काप होतात?

"कोणती सळई, सायेब? आठची का सोळाची?"

सोळा मिलिमीटरच्या सळईला दुप्पट चकती लागत असेल, असं मला वाटलं. पण कापायचं असतं क्षेत्रफळ. व्यास दुप्पट तर काप चौपट! शाळेतलं भूमिती-शिक्षण साठाव्या वर्षी असं उपयोगी पडलं.

"आन् पोरगं नवं असलं का दाबते. मंग चकती फुटते."

"मग?"

"मंग त्याच्या हजेरीतून कापतेत."

मेव्हण्याचं म्हणणं, झीज माझी, चूक त्याची. दिसायला न्याय्य. १९३६ च्या वेतन कायद्यानंही कामगाराच्या हयगयीनं नुकसान झालं तरच, आणि त्याचं म्हणणं ऐकून मगच, पगार कापायची मुभा दिली होती. पण शिकताना फुटलेली चकती ही हयगय की झीज? टायपिंग शिकताना मी इतके स्टेन्सिल फाडले, की त्यांत एक नवी कचेरी चालली असती. माझ्या पगाराला कुणी हात लावला नाही. सरकारनं सगळं 'स्टेशनरी'त गिळलं. मी टेबलाशी बसून चुकलो, तो उन्हात उभा राहून चुकतो, एवढाच काय तो फरक.

मी वहीत स्वतंत्र ओळ लिहिली: 'चकत्या, झीज व शिकाऊ फूट धरून.'

"दर वाढला तर टेंडर जाईल, भाऊजी. दुसरं कोणी हे धरत नाही."

"धरत नाहीत, पण कापतात ना?"

मेव्हणा बराच वेळ पेन्सिल चावत बसला. मग एकूण आकडा तसाच ठेवून त्यानं स्वतःच्या नफ्यातून तेवढी रक्कम वजा केली.

रात्री ठरलेल्या मटणाऐवजी ताटात पिठलं आलं. मी काही बोललो नाही. ती रक्कम कुणाच्या तरी ताटातून निघणारच होती.