घासापुरते थांबलेले पाणी

काचेच्या मत्स्यपेटीत पाणी फिरते ठेवणारा पंप माशांना दाणे टाकण्यापूर्वी थांबवावा आणि त्यांचे खाणे आटोपल्यावर पुन्हा सुरू करावा, हे काम पूर्वी हातानेच होत असे. आता ते टायमरवर किंवा ‘फीड मोड’ नावाच्या कळीवर सोपवता येते, आणि ती एकदा दाबली की ठरलेल्या दहा-पंधरा मिनिटांनी पंप आपोआप चालू होतो. सोय लहान आहे, परंतु तिच्या पोटात धर्मचिंतनातील एक जुना प्रश्न आहे : आश्रित जीवाला अन्न देण्याच्या कर्तव्याचा काही भाग स्वतः न करता करवून घेतला, तर ते कर्तव्य पार पडले असे म्हणता येते काय, आणि त्यात काही चुकले तर दोष कोणाच्या पदरी जातो?

प्रश्नाचे गांभीर्य कळण्यासाठी पेटीत काय घडते ते पाहणे आवश्यक आहे. पंप चालू असताना टाकलेले दाणे प्रवाहाबरोबर फिल्टरकडे ओढले जातात, स्पंजात अडकून कुजतात आणि पाण्यात अमोनिया वाढतो. म्हणून पाणी थांबवायचे. परंतु त्याच स्पंजात अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग पुष्कळ कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू वस्तीला असतात, त्यांना वाहत्या पाण्यातूनच प्राणवायू मिळतो, आणि प्रवाह तासन्‌तास बंद राहिला तर ते गुदमरतात. पाणी जितके कोमट, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो : २५ अंश सेल्सिअसला गोडे पाणी लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू धरते, ३० अंशांना सुमारे ७.५. बुलढाणा जिल्ह्यातच याचा फरक दिसतो : बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेत उंचावर वसलेले असल्याने तेथे थोडा दिलासा असतो. घाट उतरून पूर्णेच्या खोऱ्यात आले, की मलकापूर, नांदुरा, शेगाव या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, आणि तेथे पंप बंदच राहून गेला तर मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडांची उघडझाप करू लागतात. पंप बंद करण्याचा विसर सहसा पडत नाही, कारण त्या वेळी माणूस पेटीपाशीच उभा असतो. विसर पडतो तो चालू करण्याचा, कारण तोवर घास दिल्याचे समाधान मिळून मन दुसरीकडे गेलेले असते. यंत्र भरून काढते ती उणीव स्मरणशक्तीची वाटली, तरी तिचे मूळ ‘दान म्हणजे देण्याचा क्षण’ या समजुतीत आहे.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाला रोजचे पाच महायज्ञ सांगितले आहेत, आणि त्यांतील भूतयज्ञ म्हणजे प्राणिमात्रांसाठी अन्नाचा भाग काढून ठेवणे. गोग्रास, काकबळी ही त्याच वळणाची आचरणे होत. हे नित्यकर्म आहे, म्हणजे ते केल्याने विशेष मिळकत होते असे नव्हे, परंतु न केल्यास दोष लागतो. तथापि या यज्ञातले जीव मोकळे होते; एका अंगणात घास मिळाला नाही, तर कावळा दुसऱ्या अंगणात जाई. महाड तालुक्यातील वाळण कोंडीत देवीचे म्हणून राखलेल्या माशांना भाविक खाऊ घालतात, पण एखादे दिवशी कोणी फिरकले नाही तरी नदी त्यांना पोसते आणि उरलेले वाहूनही नेते. पेटीतल्या माशाचे पाणी, हवा आणि अन्न ही तिन्ही एकाच माणसाच्या हाती असतात. त्यामुळे येथे औदार्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कोंडून ठेवल्याचे ऋण तेवढे फेडायचे असते.

कर्म करवून घेण्याचा वाद जैमिनीच्या पूर्वमीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांवरून कर्तव्य कसे ठरवावे याचा विचार करणाऱ्या शास्त्रात, तिसऱ्या अध्यायात आला आहे. यज्ञाचे फळ यजमानाचे आहे, तर प्रत्येक क्रिया त्यानेच करावी काय? उत्तर असे, की दक्षिणा देऊन नेमलेल्या ऋत्विजांकडून इतर क्रिया करवून घेता येतात, परंतु त्याग, म्हणजे द्रव्यावरचा आपला हक्क सोडण्याची कृती, यजमानाचीच राहते. या निर्णयाच्या आधारे टायमरला ऋत्विजाच्या जागी बसवणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. ऋत्विज सचेतन असतो, अडखळतो तेव्हा त्याला कळते. टायमरला एखादा मासा तळाशी बसून राहिला आहे, त्याने आज दाण्याला तोंड लावलेले नाही, हे कळत नाही. श्रौत यज्ञात याची तरतूद निराळ्या तऱ्हेने केलेली आढळते : ब्रह्मा नावाचा ऋत्विज वेदीच्या दक्षिणेस बहुतांशी मौन धरून बसतो, इतरांच्या हातून होणाऱ्या क्रियांवर लक्ष ठेवतो आणि चूक झाली तर प्रायश्चित्त करतो. हात यंत्राचे झाल्यावर मालकाच्या वाट्याला हीच जागा येते. जे काम गेले त्यापेक्षा ती अवघड आहे, कारण काहीही न करता पाहत राहणे माणसाला फार वेळ जमत नाही.

पाहायचे ते मुख्यतः उरलेल्या अन्नाकडे. शेगावात २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज प्रथम दृष्टीस पडले ते देविदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचताना, असे परंपरा सांगते. पंगत उठल्यावर काय उरते इकडे लक्ष वेधणारा हा प्रसंग बुलढाणा जिल्ह्याच्या भक्तिजीवनाचा आरंभबिंदू ठरला आहे. मत्स्यपेटीत त्या शितांची आठवण अधिक कठोरपणे ठेवावी लागते, कारण तेथे उरलेल्या अन्नाला बाहेर जाण्याची वाटच नसते. वाट नसली की काय साचते ते त्याच जिल्ह्यातील लोणारच्या विवरात दिसते : तेथे येणारे पाणी केवळ बाष्पीभवनाने बाहेर पडते, क्षार मागे राहतात, आणि सरोवराचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप, दीर्घकाळ १० च्या आसपास मोजला गेला आहे. पेटीच्या तळाशी राहिलेले दाणे जाळीने किंवा नळीने काढून घेणे हे पंप सुरू होण्याआधीचे काम आहे, आणि ते कोणत्याही कळीत बसवलेले नसते.

त्यातच भारनियमन आहे. घासाच्या मधोमध वीज गेली आणि तासाभराने परत आली, तर काही साधने मोजत असलेली वेळ विसरून बंदच राहतात आणि पुन्हा कळ दाबली जाईपर्यंत पंप हलत नाही. अशा वेळी आधी केलेली कोणतीही तजवीज उपयोगी पडत नाही, घरात कोणीतरी असावे लागते.