जामीन हातात, मुक्काम तळोज्यात

एटापल्ली तालुक्यातला सूरजागडचा डोंगर लोहखनिजाचा. तिथल्या खाणकामाला विरोध करणाऱ्या गडचिरोलीतल्या ग्रामसभांसोबत वनहक्कांचे काम करणारे महेश राऊत यांना 6 जून 2018 रोजी एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली.

21 सप्टेंबर 2023 ला मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. पण तपास यंत्रणेला अपील करता यावे म्हणून त्याच आदेशाला आठवड्याची स्थगितीही दिली. पुढे ती सर्वोच्च न्यायालयात लांबतच गेली.

जामीन, स्थगिती, अपील! विधी शाखेच्या विद्यार्थ्याला पुस्तकात भेटणारे हे शब्द राऊत यांच्या वाट्याला वर्गाआधीच आले.

तळोजा तुरुंगात असतानाच त्यांनी विधी प्रवेश परीक्षा दिली. 2024 मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईच्या सिद्धार्थ विधी महाविद्यालयात प्रवेश घेण्याची मुभा दिली. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून अंतरिम जामीन मिळाला, तोही प्रकृतीच्या कारणावरून. खटल्याचा निकाल तेव्हाही बाकीच होता.