चपट्या नाकाचा मोह

छांदोग्य उपनिषदांत इंद्रियांच्या कलहाची एक कथा आहे. वाणी, दृष्टि, श्रवण व मन हीं एकामागून एक शरीर सोडून गेलीं, तरी शरीर अधूपणानें कां होईना, जगत राहिलें. परंतु प्राण निघूं लागतांच बाकी सर्वांचे पाय डळमळले आणि त्यांनीं त्याचें श्रेष्ठत्व कबूल केलें. मनुष्यापुरती ही गोष्ट आपणांस सहज पटते. ज्या कुत्र्यामांजरांवर आपण जीव लावतों, त्यांच्या बाबतींत मात्र आपण श्वासाहून रूपास अधिक मान देत आलों आहों.

पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग हीं कुत्रीं आणि पर्शियन मांजरें यांचा वाटोळा चेहरा, टपोरे डोळे व बसकें नाक पाहून तान्ह्या मुलाची आठवण होते. त्यांच्या लोकप्रियतेचें मर्म यांतच आहे. हा चेहरा मनुष्यानें घडविला. आंखूड तोंडाचे नर व माद्या पिढ्यान्‌पिढ्या निवडल्यानें कवटी आंखूड झाली, पण आंतील मांसल भाग त्या मानानें घटला नाहीं. नाकपुड्या अरुंद फटींसारख्या झाल्या. कुत्र्यांत टाळूचा मऊ पडदा श्वासाच्या वाटेंत लोंबूं लागला. कित्येकांची श्वासनलिका जन्मतःच बारीक असते. कुत्र्यास मनुष्यासारखा अंगभर घाम येत नाहीं. धापा टाकूनच तें शरीरांतील उष्णता बाहेर घालवितें. म्हणून आपल्याकडील वैशाखांत अशा कुत्र्यास भर दुपारीं थोडेंसें पळविणेंही त्याच्या जिवावर बेतूं शकतें. २००३ सालीं एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातींतून पग आपल्याकडे घरोघर परिचित झाला. जाहिरातींत रूप दिसतें. धाप ऐकूं येत नाहीं.

पण ज्यांना ती रोज ऐकूं येते, त्यांचें काय? लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजांतील संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, हा विकार असलेल्या कुत्र्यांच्या मालकांपैकीं शेंकडा ५८ जणांनीं आपल्या कुत्र्यास श्वासाचा कांहीं त्रास नाहीं असें सांगितलें. या लोकांस निर्दय म्हणणें अन्यायाचें होईल. घोरणें व घरघरणें हा त्या जातीचा स्वभावच, अशी त्यांची समजूत झाली होती. कौतुकाची संवय झाली म्हणजे दुःखाचा आवाजही गोड लागूं लागतो.

येथें पैदास करणारा एक चतुर प्रश्न विचारील: “ही जोडी मीं लावली नसती, तर हें पिल्लूं जन्मासच आलें नसतें. मग मीं अन्याय केला तो कोणावर?” डेरेक पार्फिट या इंग्रज तत्त्ववेत्त्यानें १९८४ सालीं मनुष्याच्या भावी पिढ्यांविषयीं असाच पेंच मांडला होता. पण जन्मापूर्वीं कोणतेंही पिल्लूं जगांत येण्यासाठीं दाराशीं तिष्ठत नसतें, कीं त्यास आंत घेऊन आपण उपकार करावा. पैदास करणाऱ्यापुढें त्या वेळीं फक्त निवड असते. त्यानें लांब तोंडाची जोडी निवडली, तर दुसरें पिल्लूं जन्मेल, तें मोकळेपणानें श्वास घेईल आणि माणसावर तितकाच लोभ करील. आंखूड तोंड निवडण्यांत लाभ आहे तो केवळ पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा. शिवाय हा युक्तिवाद खरा मानला, तर जगणें अगदींच असह्य होत नाहीं तोंवर कोणतेंही व्यंग मुद्दाम जन्मास घालणें क्षम्य ठरेल.

नेदर्लंड्समध्यें २०१९ सालीं, कवटीच्या एक तृतीयांशाहून आंखूड तोंड असलेल्या कुत्र्यांच्या पैदाशीस मनाई झाली. असे निर्बंध योग्यच होत. परंतु मागणी आहे तोंवर पुरवठा कोठून तरी होणारच. जीं कुत्रीं आज आपल्या घरीं आहेत, त्यांचा यांत कांहीं अपराध नाहीं. त्यांस सावली द्यावी, त्यांचें वजन बेतानें ठेवावें, गरज पडेल तेव्हां नाकपुड्या व टाळू यांवर शस्त्रक्रिया करवावी. नवें पिल्लूं आणणारानें मात्र आधीं त्याच्या आईबापांचा श्वास ऐकावा.

नामदेवांची गोष्ट आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकली आहे. कुत्र्यानें पोळी पळविली, तेव्हां ती कोरडी त्याच्या घशाखालीं कशी उतरेल या काळजीनें नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवले. तें कुत्रें दिसावयास कसें होतें, हें कोणी सांगितल्याचें मला स्मरत नाहीं.